वंदनाची पात

पौष लागला की आमच्याकडे घराघरात पांढरं शिरतं. समोरच्या खोलीत कापसाची गंज लागते, छतापर्यंत ढीग, मग बाज हलते, सायकल पडवीत जाते, पाहुणा आला तर त्याला गंजीला टेकूनच बसवतात. अंगाला खाज सुटते. चहाच्या कपात एखादा तंतू तरंगतो आणि तो कोणी काढत नाही, फुंकर मारून बाजूला करतात. बाभुळगावला मी आता बारावीच्या पोरांना प्राणिशास्त्र शिकवतो, सिमेंटच्या घरात राहतो, समोरच्या खोलीत सोफा आहे. तरी पौषात सकाळी गाडीवरून कॉलेजला जाताना दोन्ही बाजूंच्या वावरांमध्ये पांढरं दिसलं की माझ्या उजव्या मांडीवर काहीतरी चालल्यासारखं वाटतं. पँटच्या खिशाच्या आत. सात-आठ बारीक पायांनी.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच.

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. आमच्या घरातच काय, विहाराच्या मागच्या सगळ्या ओळीत पहिला. हे मी अभिमानानं सांगतो, आणि सांगताना मान खाली घालत नाही. पण त्या पदवीच्या तीन वर्षांतला एक आठवडा असा आहे की तो आठवला की मान आपोआप खाली जाते. तो आठवडा पौषातलाच.

कापसाची ती वाईट वर्षं होती. बोंड फुटायचं, पण आत अळीनं खाल्लेलं, पिवळं, बोटांना चिकट लागायचं. टीव्हीवर आमच्या जिल्ह्याचं नाव रोज यायचं. बाहेरगावचे लोक गाड्या घेऊन यायचे, बांधावर उभे राहून फोटो काढायचे, वेचणाऱ्या बायांना विचारायचे, 'काय वाटतं तुम्हाला?' माझी माय एकदा न थांबता म्हणाली, "वाटते का तुमी पातीतून बाजूले व्हा, बाप्पा, बोंडं तुडवून राह्यले तुमी." बाया हसल्या. त्या माणसानं ते लिहून घेतलं की नाही, माहीत नाही.

वेचणीला आमच्याकडे सावड असते. सावड म्हणजे आज चार घरच्या बाया माझ्या वावरात, उद्या त्यांच्यातल्या एकीच्या, परवा दुसरीच्या. मजुरी द्यायची नाही, घ्यायची नाही. हातांच्या बदल्यात हात. प्रत्येकीनं दोन तासांची पात धरायची, म्हणजे पऱ्हाटीच्या, कपाशीच्या झाडांच्या, दोन ओळी, आणि ती या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, बांधापासून बांधापर्यंत, साफ करत न्यायची. पात साफ करणं हा तिथला सगळ्यात मोठा मान. मागं वळून पाहिलं तर पांढरं दिसता कामा नये. मागं पांढरं ठेवणाऱ्या बाईला चिडवतात, "काहून व, चिमण्यांसाठी ठेवलं काय?" आमच्या घराचे सावडीत दोन हात ठरलेले होते. एक मायचा आणि एक माझा. बाबा जिनिंगवर कामाला असायचे, त्यांचा उपयोग नव्हता. वेचणी बायांचं काम आहे, पोट्ट्यांनी ते करू नये, असं गावातली पोरं म्हणायची. मला फरक पडत नव्हता. माझी बोटं मायच्या खालोखाल चालायची. दोन्ही हात एकदम, डोळे पुढच्या बोंडावर, बोटं हातातल्या बोंडात. सुकलेल्या बोंडाची टोकं काट्यासारखी असतात, पण ज्याला वेचता येतं त्याच्या बोटांना ती लागत नाहीत. मला लागत नव्हती.

धाकटी बहीण वंदना तेव्हा नववीत होती. तिचा हात सावडीत धरलेला नव्हता, कारण तिची शाळा होती. मायचा तसा हट्ट होता. वंदना विज्ञानात पहिली यायची. वहीच्या मागच्या पानांवर ती पक्ष्यांची चित्रं काढायची आणि खाली आपल्याच मनानं नावं लिहायची. 'धुऱ्यावरचा निळा.' 'शेपूट हलवणारी बाई.' पुस्तकातली नावं तिला माहीत होती. पण ती म्हणायची, "थे पुस्तकाचं नाव हाय. हे माहं."

त्या वर्षी तिच्या शाळेची एका दिवसाची सहल टिपेश्वरच्या जंगलात जाणार होती. सोबत जंगलातला माणूस असणार होता, जो वाट दाखवणार, ठसे ओळखायला शिकवणार. वर्गातून निवडक पोरं न्यायची होती आणि त्यात ती होती. ती दोन आठवड्यांपासून तयारी करत होती. वहीला खाकी कव्हर घातलं होतं. पेन्सिलीला दोन्ही बाजूंनी टोक केलं होतं, एक बाजू मोडली तर दुसरी हवी म्हणून.

आणि त्याच रविवारी आमच्या कॉलेजची सहल कोकणात, समुद्रावर होती.

आता खरं सांगतो. आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांनी वर्गात स्वच्छ सांगितलं होतं, "ज्यांना कोकणात यायला जमणार नाही, त्यांनी इथल्याच एखाद्या जंगलात एक दिवस जाऊन अहवाल लिहावा. गुण तितकेच मिळतील." मी पहिल्या बाकावर बसलो होतो. मी ऐकलं होतं. घरी येऊन मी मायला सांगितलं, "सक्तीची आहे. नाही गेलो तर परीक्षेला बसू देत नाहीत."

कायले खोटं बोललो? मला समुद्र पाहायचा होता. बस, एवढंच. मी समुद्र पाहिला नव्हता. आमच्या गावात कोणीच पाहिला नव्हता. मला पहिला व्हायचं होतं.

माय चुलीपुढं बसून विचार करत राहिली. जायला दीड दिवस, यायला दीड दिवस, मधे एक दिवस. तेवढे दिवस आपल्या घरचा एक हात सावडीत कमी पडला तर आपल्या वावराच्या वेळी एक बाई कमी येणार. दुसरा वेचा चालू होता, अळीनं जे सोडलं होतं ते झडायच्या आत घरात आणायचं होतं. मायनं काही म्हणायच्या आधीच वंदना म्हणाली,

"मी धरतो दादाची पात."

आमच्याकडे पोरीही असंच बोलतात, 'मी करतो', 'मी जातो'.

"अन् तुही सहल?" मायनं विचारलं.

"माही सक्तीची नाही," ती म्हणाली. "त्याची हाय."

मी तिथंच होतो. पाटावर. हातात भाकर होती. मी खाली पाहून भाकर मोडली.

निघताना ती बसस्टँडपर्यंत आली होती. "काही आणजो मायासाठी," म्हणाली. "समुद्राचं."

"काय आणू?"

"मले काय माहीत समुद्रात काय असते? जे असन थे."

समुद्राबद्दल लिहायला बसलो की माझे विद्यार्थी लिहितात, 'अथांग.' मला तो अथांग वाटला नाही. पहाटे बसमधून उतरलो तेव्हा तो पार मागं सरकला होता, आणि जे दिसत होतं ते सगळं काळे, ओले खडक होते. ओहोटी होती. खडकांमध्ये ठिकठिकाणी पाणी अडकून राहिलं होतं. परातीएवढी, न्हाणीएवढी डबकी. वाकून पाहिलं तर प्रत्येकात एक गाव. हिरव्या-जांभळ्या रंगाची समुद्रफुलं, बोट लावलं की मिटणारी. पाच हातांचा तारामासा, अगदी न हलता हलणारा. आणि तळाशी शंख, फिके, पांढरे, करंगळीच्या पेरापासून अंगठ्याएवढे. ते चालत होते.

आम्हाला फिरवायला तिथल्याच गावातल्या एक काकू होत्या. सगळे त्यांना आनंदीकाकू म्हणत. त्या जन्मभर ओहोटीला खडकांवरून कालवं काढून विकत आल्या होत्या. आता सकाळी पाहुण्यांना डबकी दाखवायच्या, दुपारनंतर घाटावरचं जंगल. त्यांच्या पायांत काही नव्हतं, आणि त्या धारदार खडकांवरून अशा चालत होत्या जशी माझी माय धसकटांतून चालते. त्यांनी सांगितलं, शंखातला हा खेकडा आपलं घर आपण बांधत नाही. मेलेल्या गोगलगाईचा रिकामा शंख शोधतो, त्यात शिरतो. वाढला की मोठा शोधतो. "रिकामा घर गावला नाय, तर उघडो पडता. मग कोणय खाता तेका," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मला विचारलं, "तू खंयचो रे झिला?"

"यवतमाळ."

त्यांचा चेहरा बदलला. त्या वाईट बाई नव्हत्या, उलट फार चांगल्या होत्या. पण त्यांनी माझ्या दंडाला हात लावला आणि म्हणाल्या, "अरे देवा. थंयच्या बातम्यो बघतंव आमी टीव्हीर. तुमच्या घरात सगळी बरी आसत मां?"

बाकीची पोरं माझ्याकडे पाहत होती. त्यांच्यातली निम्मी यवतमाळ शहरातली, पक्क्या घरांतली. एकानं हळूच म्हटलं, "बरा हाय काकू, थोडा दुबळा हाय, इतकंच." सगळे हसले. मीही हसलो. आमची कीव करायला शेकडो मैलांवरून यावं लागत नाही, ती टीव्हीवरून आधीच पोचलेली असते, हे मला त्या दिवशी कळलं.

काकू म्हणाल्या, "आता एकेकान एक तरी जितो शंख शोधून दाखवा बघू."

एक. मला हसू आलं. मी गमछा कमरेला बांधला, पुढं ओटी केली. जशी वावरात करतो तशी. आणि वाकलो.

त्यानंतर जे झालं ते मी केलं असं म्हणताना मला अजूनही अडखळायला होतं, पण केलं मीच. दोन्ही हात एकदम. डोळे पुढच्यावर, बोटं हातातल्यावर. पांढरं दिसलं की उचल, ओटीत टाक. एक डबकं झालं, दुसऱ्यात गेलो, तिसऱ्यात. पाण्यात टोकदार कवचं होती, त्यावर पोरांची बोटं कापत होती, माझी कापत नव्हती. मागून आवाज आला, "अबे, हा पाहा! मशीन हाय मशीन!" मला तो आवाज आवडला. दाखवायचंच होतं मला, यवतमाळची बोटं काय करतात ते. टीव्हीवर दाखवत नाहीत ते. मी मागं वळून पाहिलं तेव्हा तिन्ही डबक्यांमध्ये पांढरं काही उरलं नव्हतं.

पात साफ होती.

काकू आल्या. ओटीत पाहिलं. ओरडल्या नाहीत. त्यांनी माझे दोन्ही हात धरून उलटे केले, बोटं पाहिली. "कापूस वेचतंस?" म्हणाल्या.

"हो."

"तरीच. बोटां बरी आसत तुझी." मग ओटीकडे बोट करून, "पण ह्या पीक न्हय रे झिला. ही घरां. आत माणसां आसत. जंयसून उचललंस, थंयच ठेव. एकेक ठेव, वतू नको. भरती येवच्या आधी."

मी ठेवायला बसलो. तेव्हा कळलं की ते जमणार नाही. कुठला शंख कुठल्या डबक्यातला, मला माहीत नव्हतं. आमच्याकडे सगळ्यांच्या ओटीतला कापूस एकाच गंजीत जातो, कुठल्या बोंडाचा कुठला, हा प्रश्न जन्मात कोणाला पडलेला नाही. मी अंदाजानं ठेवत गेलो. ते सगळे मिटलेले होते. पाण्यात ठेवले तरी चालत नव्हते. काकू शेजारी उकिडव्या बसून वाट पाहत होत्या. बऱ्याच वेळानं एकाचे पाय बाहेर आले. मग आणखी एकाचे. सगळ्यांचे नाही. पाणी चढायला लागलं तेव्हा त्या उठल्या. "चल. र्‍हवलेल्यांचा र्‍हवलेले बघतले," म्हणाल्या. राहिलेल्यांचं राहिलेलेच पाहून घेतील, असं.

एक मी ठेवला नाही. अंगठ्याएवढा, बाकीच्यांपेक्षा पांढरा, तोंडाशी थोडी गुलाबी झाक. मी तो कानाशी हलवून पाहिला होता, आत काही वाजलं नाही. रिकामा आहे असं मी ठरवलं. ठरवलं, हाच शब्द बरोबर आहे. खिशात टाकला. वंदनासाठी.

दुपारनंतर बस घाट चढली. आमचं जंगल पौषात उघडं पडतं, सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडतात. तिथलं जंगल ओलं, काळं हिरवं. काकू पुढं, आम्ही एका रांगेत मागं. त्यांनी झाडाच्या शेंड्यावर शेकरूचं घरटं दाखवलं. मातीत उमटलेला खूर दाखवला. मग एका उंच झाडापाशी थांबून ओठांवर बोट ठेवलं. वर खोडात एक ढोली होती, तिचं तोंड चिखलानं लिंपलेलं, फक्त एक बारीक फट. आत धनेशाची मादी होती. ती स्वतःला आत बंद करून घेते, पिसं टाकते, अंडी उबवते. बाहेर जायचं ते नरानं. सगळ्या रानात फिरून फळं आणायची ती त्यानं, आणि त्या फटीतून तिला भरवायची.

सगळे माना वर करून पाहत होते. रान इतकं शांत होतं की पंखांचा आवाज आधी आला, पक्षी नंतर.

आणि तेव्हा माझ्या खिशात ते चाललं.

आधी वाटलं, मुंगळा असेल. मग कळलं. मांडीवर, कापडाच्या आतून, बारीक नख्यांनी. थांबायचं, पुन्हा चालायचं. वर चढायचा प्रयत्न करायचं आणि घसरायचं. मी खिशावर हात ठेवला. ते हाताच्या दिशेनं आलं.

त्या संध्याकाळी काकू घाटमाथ्यावरच्या फाट्यावर उतरून परत त्याच गावाला, त्याच समुद्राकडे जाणार होत्या. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, "काकू, हा एक राहिला." त्यांनी तो पदरात बांधून नेला असता. एक शब्दही बोलल्या नसत्या, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण पोरं हसली असती. यवतमाळचा चोर निघाला, असं काहीतरी म्हणाली असती. मी गप्प राहिलो. फाट्यावर काकू उतरल्या. खिडकीशी येऊन माझ्याकडे पाहून मायसाठी निरोप दिला, "आवशीक सांग, झिलाची बोटां बरी आसत." मी डाव्या हातानं हात हलवला. उजवा खिशावर होता.

सांगली मागं पडेपर्यंत ते मधून मधून हलत होतं. सोलापूरच्या अलीकडे कधीतरी थांबलं. मी प्यायच्या बाटलीतलं पाणी त्यावर शिंपडलं होतं, एवढी अक्कल प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला नव्हती की ते गोडं पाणी त्याच्या काय कामाचं.

घरी पोचलो तेव्हा वंदना गंजीला टेकून बसली होती. तिची बोटं पाहिली. नखांच्या कडा उसवलेल्या, पेरांवर खिपल्या. तिला लागत होती टोकं, तिला सवय नव्हती. माय म्हणाली, "पोट्टीनं मान ठेवला आपला. पात साफ करे. दोन बायांच्या मांगं राहे, पण पांढरं नाही ठेवलं मांगं."

मी शंख तिच्या हातावर ठेवला. तिनं कानाला लावला. डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं, आणि मला वाटलं, झालं, फिटलं.

दुसऱ्या दिवशी त्याला वास यायला लागला. तिनं विचारलं, "दादा, याच्यात कोणी होतं काय?"

"नाही," मी म्हणालो. "रिकामाच भेटला."

वर्ष गेलं. दहावीच्या वर्षी ती शाळा बुडवून दोन आठवडे वेचणीला गेली, कारण आदल्या वर्षी गेली होती आणि जमलं होतं. आता सावडीत आमच्या घरचे हात कोणते, हे विचारायची कोणाला गरज राहिली नव्हती. मी तिसऱ्या वर्षाला होतो, माझे प्रॅक्टिकल होते. दहावी ती पास झाली. कमी गुणांनी. पुढं कळंबला रोज जायचं-यायचं की नाही, याची घरात चार दिवस चर्चा झाली, आणि पाचव्या दिवशी चर्चा बंद झाली. त्या एका आठवड्यानं तिची शाळा सुटली असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं सोपं आहे, आणि न म्हणणं त्याहून सोपं आहे. मी एवढंच म्हणतो की दार लोटलं तेव्हा हात माझा होता.

बाभुळगावला लागल्यापासून आमच्या विभागाची सहल दर दोन वर्षांनी समुद्रावर जाते. मी एकदाही गेलो नाही. कधी माय आजारी, कधी पेपर तपासायचे. यंदा माझा तरुण सहकारी नेणार होता. सगळं ठरलं आणि सोबत जाणाऱ्या मॅडमचा पाय मुरगळला. पोरी असल्या की सोबत जबाबदार बाई हवी, नाहीतर परवानगी नाही. तो माझ्याकडे आला, "सर, तुमच्या ओळखीत कोणी आहे का? घरातलं असलं तरी चालेल."

रविवारी मी वंदनाच्या वावरात गेलो. कळंबच्या पलीकडे दिलं आहे तिला. पात चालू होती, सहा-सात बाया. मी धुऱ्यावर उभा राहिलो तर तिनं हात न थांबवता विचारलं, "काय मास्तर, आज काहून वाट चुकली?"

मी तिच्या पातीत शिरलो, तिच्या बाजूनं चालायला लागलो. आणि सांगितलं. आधी खेकड्याचं. जंगलात खिशात चाललेलं. फाट्यावर न बोललेलं.

"थे मले माहीत हाय," ती म्हणाली. "पिनेनं काढला होता मी त्याले. वाळून गेलता. नांग्या अशा जवळ घेऊन बसला होता बिचारा. तुरीच्या बुडाशी पुरला." मग हसली. "मले वाटे, दादाले माहीतच नाही. त्याले कायले सांगू, रडन."

मग मी दुसरं सांगितलं. सरांनी वर्गात काय म्हटलं होतं ते. आणि मी घरी काय म्हटलं ते.

तिचे हात थांबले नाहीत. एक बोंड, दुसरं बोंड. पुढच्या पातीतल्या बाया कशावर तरी हसत होत्या. आम्ही तसेच धुऱ्यापर्यंत गेलो. तिथं तिनं ओटी सोडली, कापूस ढिगात रिकामा केला आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे नसता गेला तरी चाललं असतं."

"हो."

"टिपेश्वरले आपण दोघंही गेलो असतो. एकाच दिवशी."

हे माझ्या डोक्यात इतक्या वर्षांत आलं नव्हतं. खरंच आलं नव्हतं. शाळेची सहल अन् माझा अहवाल. सावडीतला एकच दिवस गेला असता, तो मायनं कसाही भरून काढला असता.

"हे नव्हतं मले माहीत," ती म्हणाली. "खेकड्याचं होतं. हे नव्हतं."

मला वाटलं ती रडेल, किंवा शिव्या देईल. ती पदरानं मान पुसत उभी राहिली. मी चाचरत सहलीचं सांगितलं. बाई हवी आहे. पहिल्या दिवशी सकाळी समुद्र, दुपारी जंगल. तू जाशील का?

"माही सावड हाय," ती म्हणाली. "शनिवारी शांताबाईचं वावर. रविवारी तिच्या जावेचं. सोमवारी आमचं. कशी जाऊ?"

"मी धरतो तुझी पात."

ती माझ्या हातांकडे पाहत राहिली. मग मागं वळून मोठ्यानं ओरडली, "ऐकलं काय व शांताबाई, मास्तर येते म्हणे वेचाले!"

"येऊ दे, येऊ दे," पलीकडून आवाज आला. "खडूसारखं पांढरंच हाय, ओळखू येईन त्याले!"

सगळ्या हसल्या. वंदना हसली नाही. मला म्हणाली, "पाहा बरं. अर्ध्यात सोडशीन तर माही इज्जत जाईन इथी."

मी रजा टाकली. शनिवारी पहिल्या तासातच बोटांतून रक्त आलं. जिथं मी म्हणायचो, ज्याला वेचता येतं त्याला टोकं लागत नाहीत, तिथंच. शांताबाईची पात माझ्या पुढं पन्नास हात. दुपारी भाकर खाताना बोटं तिखटात गेली की झोंबायची. कोणी कीव केली नाही, हे त्यांचे उपकार.

रविवारी सकाळी, ऊन नुकतंच पऱ्हाटीच्या शेंड्यांवर आलेलं, तेव्हा फोन वाजला. मी बोटं पँटला पुसून तो कानाला लावला.

"वंदी?"

नुसता आवाज येत होता. घोंघावणारा, मागं जाऊन पुन्हा येणारा. मी डोळे मिटले. आजूबाजूला सगळं वावर पांढरं होतं आणि माझ्या कानात ते येत-जात होतं. कितीतरी वेळ. मग तिचा आवाज आला, अगदी बाजूला उभी असल्यासारखा.

"ठेवला, दादा. वहीसोबत होता थो शंख इतकी वर्सं. आत्ता ठेवला पाण्यात. एक पोर म्हणे, मॅडम, त्याच्यात कोणी नाही. म्हटलं, येईन कोणी."

मी फोन कानाशी आणखी दाबला.

"अन् दुपारी जंगलात जाऊ आमी. पेन्सिल घेतली म्या." मग तिनं विचारलं, तिच्या नेहमीच्या आवाजात, जरा कडकच, "पात साफ करून राह्यला नं? का मांगं पांढरं सोडून राह्यला?"

फोन बंद झाला. मी मागं वळून पाहिलं. धुऱ्यापासून माझ्यापर्यंत, दोन्ही तासांत, ठिकठिकाणी पांढरं राहिलं होतं.

मी परत धुऱ्याकडे निघालो.